सापळा दिसत असताना

१९१८ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २३ तारीख. युरोपातील महायुद्ध शेवटचे आचके देत होते. न्यूयॉर्क शहरात इन्फ्लुएंझाच्या साथीने थैमान मांडले होते. त्याच साथीने इकडे मुंबई इलाख्यातही घरेच्या घरे ओस पाडली, हे आमच्या जुन्या पिढीने ऐकलेले आहे. अशा त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या मॅनहटन चेस क्लबने भरविलेल्या बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी सुरू झाली. खेळाडू अवघे सात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन डाव खेळावयाचे. एका पटावर पांढरी मोहरी घेऊन क्यूबाचा होजे राऊल कॅपाब्लांका बसला होता. त्याचे वय २९. समोर अमेरिकेचा विजेता फ्रँक मार्शल, वय ४१. पहिल्या सात खेळ्या उभयतांनी परिचित वाटेने केल्या. आठव्या खेळीस मार्शलने आपल्या वजिरासमोरील प्यादे दोन घरे पुढे लोटले आणि राजासमोरचे दुसरे एक प्यादे उघडे टाकून तो स्वस्थ बसला. जणू तो म्हणत होता, घ्यावयाचे असेल तर घ्या.

हे प्यादे घ्यावे की घेऊ नये, एवढाच त्या क्षणी कॅपाब्लांकापुढे प्रश्न होता. त्याने ते घेतले. त्यानंतर जे घडले ते बुद्धिबळाच्या इतिहासात नोंदले गेले आहे, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतर आज आम्ही या अग्रलेखाच्या जागेत त्याची आठवण काढीत आहोत. तीही केवळ करमणुकीसाठी नव्हे.

निमित्त आमच्याच अंगणातील आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत गोव्यात बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा झाली. दोनशेहून अधिक खेळाडू हडफड्यास आले, विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा चषक मांडला गेला, आणि अखेरीस उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्ह या कोवळ्या वयाच्या खेळाडूने चीनच्या वेई यी यास हरवून तो नेला. आमचा जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीतच गारद झाला, याची हळहळ घरोघर व्यक्त झाली. त्याआधी जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकून मराठी घरांतून आनंदाची लाट उसळविली होतीच. परिणाम व्हावयाचा तोच झाला. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत आणि सावंतवाडीपासून बेळगावपर्यंत आईबाप मुलांना बुद्धिबळाच्या वर्गास घालू लागले. ही गोष्ट चांगलीच आहे. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोसा, भक्ती कुलकर्णी, इव्हाना फुर्तादो ही नावे ज्या भूमीने दिली तेथे मुलांनी पट मांडून बसावे यात नवल नाही. आमची तक्रार वेगळी आहे.

काही दिवसांपूर्वी आम्ही एका शालेय स्पर्धेच्या ठिकाणी सहज डोकावलो. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पहिल्या आठ-दहा खेळ्या घड्याळाकडे न पाहता टकाटक खेळत होता. प्रतिस्पर्धी होती त्याच्याहून लहान एक मुलगी. तिने मध्येच कडेचे एक प्यादे उगाचच एक घर सरकवले. ती खेळी चांगली नव्हती. परंतु ती मुलाच्या वहीत नव्हती. तो थांबला. त्याने पटाकडे पाहण्याऐवजी दाराशी उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले. पुढचा पाऊण तास तो मुलगा खेळत नव्हता, आठवत होता. डाव हरून तो बाहेर आला तेव्हा वडिलांनी मोबाइलवर तो डाव चढवला आणि यंत्राचा निकाल मुलास ऐकवला, की हरण्यापूर्वी पाच खेळ्या तू जिंकत होतास. मुलगा रडला तो हरल्याबद्दल नव्हे, तर जिंकत असूनही ते आपल्याला कळले नाही याबद्दल, असे आम्हांस वाटले. वडिलांचा हेतू वाईट नव्हता, शिक्षकांचाही नसावा. तथापि त्या मुलास जे शिकविले गेले ते बुद्धिबळ की बुद्धिबळाचे पाठांतर, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही. आणि या प्रश्नावर मार्शल-कॅपाब्लांका यांच्या त्या डावाइतका प्रकाश दुसरे काही पाडील असे आम्हांस वाटत नाही.

ज्या प्रारंभातून हा डाव निघाला त्याचे नाव रुई लोपेझ. हा स्पेनमधील एक धर्मगुरू. १५६१ साली त्याने बुद्धिबळावर पुस्तक लिहिले. त्याआधी १५१२ मध्ये, म्हणजे अल्बुकर्कने गोवे घेतल्यानंतर दोनच वर्षांनी, दामियानो नावाच्या पोर्तुगीज औषधविक्याचे बुद्धिबळावरील पुस्तक रोममध्ये छापले गेले होते. राजासमोरच्या प्याद्यावर पांढऱ्या घोड्याने हल्ला केला तर काळ्याने वजिराच्या बाजूचा घोडा काढून ते राखावे, असे दामियानो सांगत असे. रुई लोपेझला हे पटले नाही. उंट पुढे काढून त्याच राखणाऱ्या घोड्यावर दाब आणावा, अशी त्याची तोड होती. पोर्तुगीजाने मांडले आणि स्पॅनियार्डाने खोडले, असा हा साडेचारशे वर्षांचा वाद; आणि गंमत अशी की जग आजही दोघांचेही ऐकते! घोडाही निघतो आणि उंटही निघतो.

मार्शलने या जुन्या वाटेवर आठव्या खेळीस जे केले त्याचे मर्म समजून घेणे कठीण नाही. पांढऱ्याने किल्लेकोट केलेला, हत्ती राजाच्या पट्टीत आणलेला, उंट मागे घेऊन बी-३ या घरी बसविलेला. परंतु त्याच्या वजिराच्या बाजूचा घोडा, उंट आणि हत्ती ही तिन्ही मोहरी जागची हललेली नाहीत. ती झोपेत आहेत. ती जागी होण्यापूर्वी राजावर तुटून पडावयाचे, हा मार्शलचा बेत. प्याद्यांची मारामारी होते, पांढरा घोडा काळ्याचे राजासमोरचे प्यादे खातो, काळा घोडा त्या घोड्याला खातो, पांढरा हत्ती त्याला खातो. अकरा खेळ्यांनंतर पांढऱ्याकडे एक प्यादे अधिक आहे, काळ्याकडे काहीही नाही; केवळ वेळ आहे. पटावरचा वेळ पैशासारखा मोजता येत नाही, म्हणून शिकाऊ माणसास तो दिसत नाही. मार्शलला तो चांगलाच दिसत होता. घोडा मागे एफ-६ वर, मग उंट डी-६ वर, मग घोडा जी-४ वर, मग वजीर एच-४ वर: चार खेळ्यांत काळ्याची सारी फौज पांढऱ्या राजाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली.

या डावाभोवती एक आख्यायिका गुंफली गेली आहे. १९०९ साली या दोघांत सामना झाला होता. त्यात वीस वर्षांच्या कॅपाब्लांकाने नावाजलेल्या मार्शलला आठ डावांत हरविले, एकच गमावला आणि चौदा बरोबरीत सोडविले. हा घाव मार्शलच्या जिव्हारी लागला, त्याने घरी बसून हे नवे अस्त्र घडविले, आणि नऊ वर्षे कोणासही न दाखविता ते म्यानात ठेवून तो कॅपाब्लांकाची वाट पाहत राहिला, अशी ती कथा. कथा म्हणून ती झकास आहे आणि म्हणूनच ती प्रत्येक पुस्तकात छापली जाते. परंतु जुनी दप्तरे तपासणाऱ्यांनी तीत पुरेशी छिद्रे दाखविली आहेत. हेच प्यादे देण्याची कल्पना १८९३ साली एका डावात येऊन गेली होती; जर्मन खेळाडू वालब्रोट याच्याविरुद्ध काही स्थानिक खेळाडूंनी मिळून तो डाव खेळला होता, आणि तोही कोठे, तर हवाना येथे, कॅपाब्लांकाच्या जन्मगावी! त्या वेळी स्वारी जेमतेम चार वर्षांची होती. शिवाय १९१७ साली खुद्द मार्शलनेच फ्रियर नावाच्या खेळाडूविरुद्ध जवळजवळ हाच प्रकार केला होता. म्यानातील तलवार आधीच एकदा बाहेर निघाली होती तर.

आख्यायिका खरी नसली म्हणून डावाचे मोल कमी होत नाही. मार्शलचा उमदेपणा तर या कथेहून मोठा आहे. १९११ साली सान सेबास्तिआन येथील स्पर्धेत कॅपाब्लांकासारख्या नवख्यास प्रवेश देऊ नये अशी कुरकुर सुरू झाली तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत मार्शल होता. ज्याने आपल्याला धुळीस मिळवले त्याचीच रदबदली करणारा माणूस नऊ वर्षे सूड उगाळत बसला असेल, हे आम्हांस तरी पटत नाही.

आता कॅपाब्लांकाकडे वळू. तो काही भोळा नव्हता. वर्षानुवर्षे त्याच्याविरुद्ध बचावाच्या इतर पद्धती खेळणारा मार्शल आज एकाएकी आपल्याला या वाटेने येऊ देतो आणि मग न मागता प्यादे पुढे करतो, याचा अर्थ त्याला तत्काळ कळला. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की आपल्यावर भयंकर हल्ला होणार, आणि त्याच्या साऱ्या वाटा प्रतिस्पर्ध्याच्या आधीच पायाखालच्या असणार, हे आपण ओळखले होते. तरीही लढण्याची खुमखुमी उठली होती आणि आपल्या आकलनशक्तीला दिलेले आव्हान नाकारणे मनाला पटेना. या वाक्यातील ‘आकलन’ हा शब्द आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. मार्शलपाशी तयारी होती. कॅपाब्लांकापाशी तयारी मुळीच नव्हती. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अभिमन्यूला येत होती, बाहेर पडण्याची नव्हती. या गृहस्थाला दोन्ही ठाऊक नव्हत्या. बाहेर पडण्याची वाट पटावर बसूनच शोधावी लागेल हे जाणून तो आत शिरला.

पुढचा खेळ सविस्तर पाहण्याजोगा आहे. जी-४ वर आलेला काळा घोडा पांढऱ्याच्या प्याद्याने सहज खाता येत होता. खाल्ला असता तर काळ्या वजिराने राजाच्या दारातच ठाण मांडले असते. कॅपाब्लांकाने घोड्यास हात न लावता आपला वजीर एफ-३ वर आणला. काळा वजीर एच-४ वर आला. आता सामान्य खेळाडू राजाभोवती आणखी प्यादी गोळा करू लागला असता. कॅपाब्लांकाने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. पट समोर नसणाऱ्यास या साध्या खेळीचे महत्त्व कळणार नाही. राजावर धाड आलेली असताना हा मनुष्य आपल्या झोपलेल्या उंटाचे दार उघडत होता. घराला आग लागल्यावर मागच्या खोलीतील माणसांना आधी जागे करावे, तसा तो प्रकार.

मार्शलने घोडा एफ-२ वर फेकला. हा घोडा वजिराने खावा काय? येथे डावातील सर्वांत सुंदर बारकावा लपला आहे. वजिराने घोडा खाल्ला आणि काळ्याने घाईने उंट जी-३ वर आणून वजिराला कोंडीत पकडले, तर पांढरा आपला वजीर एफ-७ वर बळी देतो, काळ्या हत्तीला तो खावाच लागतो, आणि पांढरा हत्ती ई-८ वर जाऊन मात देतो. कारण दूर बी-३ वर बसलेल्या उंटाने त्या काळ्या हत्तीला जागीच खिळवून ठेवलेले असते. म्हणून काळ्याने आधी उंटाने एच-२ वर शह द्यावयाचा, राजाला बाजूच्या घरात हलवावयाचे आणि मगच उंट जी-३ वर न्यावयाचा. तेव्हा मात्र एफ-७ वरचा बळी निरुपयोगी ठरतो, कारण काळ्या हत्तीने तो घेताच राजालाच शह बसतो. एका घराचा फरक! तेवढ्यावर एकाचा जय आणि दुसऱ्याचा पराजय. मार्शलने हे सारे घरी पाहिले असणारच. कॅपाब्लांकाने ते घड्याळ चालू असताना पाहिले, घोडा खाण्याचा मोह टाळला आणि हत्ती एक घर पुढे, ई-२ वर, ठेवला.

येथून मार्शलची तयारी संपली की त्याचा धीर, हे सांगणे कठीण. त्याने उंट जी-४ वर बळी दिला, दुसऱ्या उंटाने शह दिला, वजीर राजाच्या कोपऱ्यातील घरात घुसविला. आणि पांढरा राजा चालू लागला. जी-१ वरून एफ-१, तेथून ई-२, मग डी-३, मग सी-२. पटाच्या मध्यातून, शहामागून शह झेलीत, ज्या बाजूला मोहरी झोपली होती त्याच बाजूला जाऊन तो त्यांच्यामागे सुरक्षित बसला. चोविसाव्या खेळीस राजा सी-२ वर पोहोचला तेव्हा धाड ओसरली होती. पांढऱ्याकडे एका हत्तीच्या बदल्यात उंट आणि घोडा अशी दोन मोहरी अधिक होती.

उरलेला भाग शांतपणे पार पडला. अठ्ठाविसाव्या खेळीपासून वजिराच्या बाजूची प्यादी चालू लागली. ज्या कडेच्या हत्तीने तीस खेळ्या जागा सोडली नव्हती तो एकतिसाव्या खेळीस ए-६ वर उतरला. त्याच्यासमोरचे कडेचे प्यादे काळ्याचे एक प्यादे खाऊन शेजारच्या पट्टीत आले आणि एकेक पाऊल टाकीत सातव्या ओळीपर्यंत पोहोचले. छत्तिसाव्या खेळीस बी-३ वरून निघून डी-५ वर बसलेल्या त्याच उंटाने एफ-७ वरचे प्यादे खाऊन शह दिला आणि डाव संपला. त्या स्पर्धेत कॅपाब्लांका बारा डावांतून साडेदहा गुण घेऊन पहिला आला.

एवढ्यावर थांबलो तर आम्ही अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. घोकंपट्टीवर प्रतिभेची मात, असा या डावाचा सोपा निष्कर्ष काढून आमच्या क्लासेसच्या विरोधकांनी टाळ्या पिटण्याचे कारण नाही. मार्शल त्या दिवशी हरला, परंतु त्याचे अस्त्र हरले नाही. अकराव्या खेळीस घोडा मागे नेण्याऐवजी सी-पट्टीतील प्यादे एक घर पुढे करून घोड्याला मध्यभागीच भक्कम ठेवावे, अशी सुधारणा पुढे झाली, आणि त्या रूपात हा हल्ला आजही जगभर खेळला जातो. १९६५ साली तिबिलिसी येथे मिखाइल तालसारख्या आक्रमक खेळाडूविरुद्ध बोरिस स्पास्कीने तो वापरला. आर्मेनियातून पुढे आलेल्या लेव्हॉन आरोनियनने तर त्यावर आपली छाप उमटविली. या अस्त्राची दहशत अशी की अनेक नामवंत पांढऱ्याकडून खेळताना आठव्या खेळीस दुसरीच वाट धरतात, म्हणजे मार्शलला दार उघडण्याची संधीच देत नाहीत. १९९३ साली लंडन येथे नायजेल शॉर्टविरुद्धच्या सामन्यात खुद्द कास्पारोव्हने हेच केले. कास्पारोव्हला कोणी भित्रा म्हणणार नाही.

कॅपाब्लांकाचे पुढे काय झाले हेही विसरता कामा नये. १९२१ साली लास्करला हरवून तो जगज्जेता झाला. अभ्यासाचा त्याला कंटाळा होता. पट समोर आला की मला सारे दिसते, अशी त्याची वृत्ती. १९२७ साली ब्यूनोस आयरीस येथे अलेखिन त्याच्यासमोर आला तो प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची कसून चिरफाड करून. चौतीस डाव चालले. पंचवीस बरोबरीत सुटले, तीन कॅपाब्लांकाने जिंकले, सहा अलेखिनने. आणि जगज्जेतेपद गेले ते परत आले नाही. १९१८ साली ज्या आत्मविश्वासाने त्याला तारले त्यानेच नऊ वर्षांनी त्याला गाफील ठेवले, असे म्हणावयास जागा आहे.

आणि तयारीने जिंकलेल्या डावाचे उदाहरण पाहावयाचे तर ते आपल्या आनंदचेच आहे. २०१२ साली मॉस्कोत गेल्फांडविरुद्ध जगज्जेतेपद राखण्याच्या सामन्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका अतिशय जहाल प्रारंभाचा अभ्यास करून ठेवला होता. त्या सामन्यात तो वापरण्याची वेळ आली नाही. १५ जानेवारी २०१३ रोजी हॉलंडमधील वाइक-आन-झे येथे आरोनियन, तोच मार्शल-हल्ल्याचा कैवारी, पांढरी मोहरी घेऊन त्या वाटेस लागला. आनंदने सोळाव्या खेळीस घोडा मध्यभागी ढकलला, एक हत्ती तसाच मारू दिला, आणि तेविसाव्या खेळीस आरोनियनने शरणागती दिली. दोन उंट मिळून पांढऱ्या राजावर धरलेला तो नेम पाहून रुबिनस्टाइनने १९०७ साली लोज येथे रोटलेवीविरुद्ध खेळलेल्या डावाची जाणत्यांना आठवण झाली. आनंदनेही डावानंतर ते नाव घेतले. येथे यंत्र होते, सहकारी होते, पाठांतरही होते. परंतु यंत्राने दिलेल्या खेळ्यांत १९०७ चा रुबिनस्टाइन ज्याला दिसतो त्याच्या तयारीला आम्ही घोकंपट्टी म्हणणार नाही.

भेद आहे तो येथे. आमच्या गोव्यात गाण्याची परंपरा ज्यांनी पाहिली त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. केसरबाई केरकरांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली, तेच पलटे शेकडो वेळा घोटले. पण मैफलीत त्या पलटे म्हणून दाखवीत नसत, गात असत. दशावतारी नटाजवळ छापील संहिता नसते. आख्यान त्याला पाठ असते, कोणता देव केव्हा येणार आणि संकासुर केव्हा मरणार हे ठरलेले असते. परंतु समोरच्या नटाने भलतेच वाक्य टाकले तर तो विंगेत उभ्या असलेल्या मालकाच्या तोंडाकडे पाहत नाही, तेथेच उत्तर देतो. त्या शालेय स्पर्धेतील मुलाच्या वाट्याला आख्यान न येता केवळ वाक्ये आली, हा आमचा आक्षेप आहे. समर्थांनी ज्याला पढतमूर्ख म्हटले तो प्रौढ माणूस असतो, त्याचा दोष त्याचा त्याला. नऊ वर्षांच्या मुलाला आपण पढतमूर्ख बनवीत असू तर दोष आपला.

यंत्रास शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नाही. १९९७ साली डीप ब्लूने कास्पारोव्हला हरविले तेव्हा ते यंत्र ठेवावयास खोली लागत असे. आज त्याहून बलवान यंत्र प्रत्येक आईच्या पर्समध्ये आहे. ते खोटे बोलत नाही. परंतु ते फक्त निकाल सांगते, कारण सांगत नाही. वजिराने घोडा खाऊ नये एवढे ते क्षणात दाखवील. का खाऊ नये, एफ-७ वरचा बळी कोणत्या घटकेस लागू पडतो आणि कोणत्या घटकेस पडत नाही, हे मुलाने स्वतः अर्धा तास डोके धरून शोधले तर ते जन्मभर त्याचे होते. यंत्राने दाखविले तर संध्याकाळपर्यंत विसरले जाते. शिक्षकांना हे ठाऊक नाही असे नाही. त्यांचीही अडचण आम्ही जाणतो. पालक फी भरतात आणि तीन महिन्यांत पदक मागतात. आणि दहा वर्षांखालील गटात पदक मिळविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे दोन-तीन जहाल सापळे मुलाकडून घोकून घेणे, हे खरेच आहे. सापळ्यात अडकणारी मुले त्या गटात भरपूर भेटतात. बाराव्या वर्षानंतर ती भेटेनाशी होतात, आणि मग पदके घेतलेली ही मुले पट गुंडाळून ठेवतात. आम्हांस भीती आहे ती या वयाची.

येत्या उन्हाळी सुट्टीत गावोगाव स्पर्धा होतील. संयोजकांना आमची एक सूचना आहे, आणि तिला पैसा लागत नाही. सभागृहाच्या एका कोपऱ्यात चार पट मोकळे ठेवावेत. डाव संपला की दोन्ही मुलांनी, हरलेल्याने आणि जिंकलेल्याने, तेथे पंधरा मिनिटे एकत्र बसून आपला डाव पुन्हा मांडावा. मोबाइल बाहेर, पालक बाहेर. तू येथे का घाबरलास, मला हे दिसलेच नाही, असे त्यांना एकमेकांशी बोलू द्यावे. मोठ्या स्पर्धांतून मोठे खेळाडू हेच करीत आले आहेत. विश्वचषकाचा मंडप उठला. त्याच्या खर्चाचा हिशेब सरकारदरबारी मांडला जाईल तो जाईल. हे चार पट मांडावयास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आणि ज्या मुलीने कडेचे प्यादे उगाचच सरकवले होते तिलाही त्या पटाशी कोणीतरी विचारावे, की बाळ, ही खेळी तुला का सुचली? आम्ही तेथे होतो, परंतु त्या दिवशी ते विचारावयाचे आमच्याकडूनही राहूनच गेले.